ज्या स्पीकरला मी ओ दिली

मी, सावळाराम बाळू विशे, वय एकाहत्तर, राहणार वाशिंद, तालुका शहापूर, माझ्यामागे काय कोणाचे हे कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो. बाप टेबलावरच्या स्पीकरला उत्तर देतो, त्याचे डोके फिरले, असे माझा मुलगा स्वरूप गावभर सांगतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो स्वरूपने सर्वांसमोर मोठ्याने वाचावा.

१. राहते घर स्वरूप आणि मुलगी भाग्यश्री यांना निम्मे निम्मे. ती मुरबाडला सासरी नांदते, तिला कशाला, असे माझ्या तेराव्याला कोणी विचारले तर त्याला जेवू न घालता परत पाठवावे.

२. लग्नमांडवांत चाळीस वर्षे वाजवलेले माझे सगळे स्पीकरचे खोके, कर्णे आणि अ‍ॅम्प्लिफायर स्वरूपला. छाती हादरली की त्याचे समाधान होते.

३. कॉम्प्युटरच्या टेबलावरचे दोन स्पीकर. यांच्या पोटातच अ‍ॅम्प्लिफायर आहे. कल्याणच्या दुकानात दुकानदार ढुमढुम गाणी लावून दाखवत होता. मी खिशातला पेनड्राइव्ह दिला. त्यात माझी पत्नी कै. भागीरथी हिची एकच हाक आहे. घरी माइक तपासताना चुकून रेकॉर्ड झालेली: "आवो, भात निवतंय! येता का नाय?"

पाच जोड्यांवर ऐकली. एकीवर ती घागरीत तोंड घालून बोलत होती, एकीवर तिला सर्दी झाली होती. या जोडीवर मी मागे वळून "आलो" म्हणालो. दुकानदार हसला. हसू दे. मी तीच जोडी घेतली.

घरी येऊन तीच हाक लावली. स्वरूप म्हणाला, "बाबा, यात बेस कुठाय?" भाग्यश्री माहेरी आली होती, मागच्या दारी भांडी घासत होती. तिला यातले काहीच ठाऊक नव्हते. तिथूनच ओरडली, "बाबा, आय कवाची बोलवतेय, जा ना!" मग ओल्या हातांनी उंबऱ्यात येऊन उभी राहिली. आम्ही दोघे खूप रडलो.

म्हणून स्पीकर, कॉम्प्युटर आणि पेनड्राइव्ह भाग्यश्रीचे. स्पीकर भिंतीला चिकटवू नयेत, आवाज घुमतो. खाली विटा ठेवून कानाच्या उंचीला आणावेत. स्वरूपला ऐकावेसे वाटले तर त्याने मुरबाडला जावे.

४. माझ्या अंत्ययात्रेत एकही खोका वाजवू नये. मला घराबाहेर काढण्याआधी ती हाक याच स्पीकरवर एकदा लावावी. स्वरूपने स्वतः लावावी. मी "आलो" म्हणालो नाही, तरच उचलावे.

हे सर्व मी स्वतः टाइप केले, दोनदा वाचले, एक शब्दही बदलणार नाही.

सही: सावळाराम बाळू विशे

आमच्यासमोर सही केली:
१. दिपेश निचिते, शेजारी
२. रत्नप्रभा गायकवाड, निवृत्त शिक्षिका

ठिकाण: वाशिंद
दिनांक: १२ जानेवारी २०२५