सोडली म्हणजे सोडली

४ मार्च
व्यसनमुक्ती केंद्रातून सुटलो. समुपदेशक बाईंना 'सुटलो' आवडत नाही. 'घरी परतलो' म्हणा म्हणतात. एकवीस दिवस! बाकीचे सगळे अट्टल दारुडे. मी आपला बायकोच्या समाधानासाठी गेलो होतो.
संकल्प: दारू बंद (ती झालीच). रोज पहाटे पाचला उठणे. दातांच्या लॅबमध्ये हेडची जागा परत मिळवणे. घरात गोड बोलणे.

५ मार्च, सकाळी ९:४०
आत्ता उठलो. शरीराला विश्रांती हवी, असं केंद्रातच सांगितलंय.

६ मार्च
कामावर रुजू. बावीस वर्षं कवळ्या बनवतोय. गावातले निम्मे म्हातारे माझ्या दातांनी हसतात. तरी मालकाने मला साच्यात प्लास्टर ओतायला बसवलं! मेणात दात बसवायचं नाजूक काम आता 'चिमटी'कडे. ही माझ्याच हाताखाली शिकलेली मुलगी. मालक म्हणाला, हात जरा स्थिर होऊ दे, मग बघू. माझा हात कापत नाही. टेबल डगमगतं. पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली.

७ मार्च
टेबल अजून डगमगतंय. पुठ्ठा हलक्या प्रतीचा.

९ मार्च
मेहुण्याने धरून दारू सोडलेल्यांच्या सभेला नेलं. शाळेचा वर्ग. पोरांच्या बाकांवर बसलेले बाप्ये, गुडघे हनुवटीला टेकलेले. एकेकाने उठून सांगायचं, मी दारुडा. एक निवृत्त बसड्रायव्हर पाऊण तास रडला. त्याचं नाव मी मनात 'गळका नळ' ठेवलं. त्याच्या बोलण्यात व्याकरणाच्या अकरा चुका. माझी पाळी आली तेव्हा स्पष्ट सांगितलं, मी फक्त बघायला आलोय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कशालाही टाळ्या वाजवतात.

१५ मार्च
संध्याकाळी सहा ते नऊ ही वेळ कोणी काढली? संपतच नाही. पूर्वी हे तीन तास कुठे जायचे ते कळायचंही नाही.
आज घरी मुलीकडे नीट बघितलं. तिला चष्मा! मला कोणी सांगायची तसदी घेतली नाही, म्हणून आवाज चढवला. ती म्हणाली, "दोन वर्षं झाली, बाबा. दुकानात तुम्हीच आला होतात. फ्रेमसुद्धा तुम्हीच निवडलीत."
फ्रेम चांगली आहे. माझी निवड पहिल्यापासून उत्तम.

२८ मार्च
जुना बैठकीतला दोस्त, विमा एजंट, रस्त्यात भेटला. एकच विनोद तीनदा सांगितला. पंधरा वर्षं मी या माणसावर हसत होतो? छे. तेव्हा त्याचे विनोद बरे असावेत.

६ एप्रिल
डोकं साफ झाल्याचा मोठा फायदा म्हणजे इतरांच्या चुका लख्ख दिसतात. घरात सुधारणेच्या एकतीस जागा सापडल्या. यादी करून फ्रिजवर चिकटवली. टॉवेल कसा वाळत घालावा इथपासून मुलीने कसं हसावं इथपर्यंत. बायकोने उभ्या उभ्या सगळी वाचली, दूध काढून फ्रिज बंद केला. पटली असावी.

११ एप्रिल
सभेला गेलो नाही. मला त्यांची गरज नाही आणि त्यांची माझ्याजवळ बसायची लायकी नाही.

२१ एप्रिल
आज चिमटीला सगळ्यांदेखत सांगितलं की तिने बसवलेले दात म्हणजे मोडकं कुंपण. दाखवायला तिच्या हातातून कवळी ओढून घेतली. पडली. पुढचे दोन दात तुटले. कवळी एका आजींची होती, उद्या नातीचं लग्न. चिमटी परत कामाला बसली. जेवलीसुद्धा नाही. दात, खरं सांगायचं तर, ठीक बसले होते. हे फक्त इथे लिहितोय.
मालकाने पंधरा दिवस घरी राहायला सांगितलं. मी सुट्टी घ्यायचं ठरवलं आहे.

४ मे
दोन महिने पुरे! थेंबसुद्धा नाही. घरात छोटासा समारंभ होईल असं वाटलं होतं. भाषण तयार ठेवलं, आभारप्रदर्शनासकट. दुपारपर्यंत कोणी काही बोलेना. शेवटी मीच बायकोला विचारलं, मी एवढा त्याग केला, तरी या घरात कोणाचा चेहरा कसा फुलत नाही?
ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही काही बोललात की मी पोरीला सांगायचे, बाबा नाही गं, दारू बोलतेय. आता काय सांगू तिला?"
आभाराचा मजकूर खिशातच राहिला.
कपडे बॅगेत भरायचे होते, हे नंतर कळलं. दोघी पोरीच्या मावशीकडे गेल्या. किती दिवस ते बोलली नाही. मी म्हटलं, माझं काही अडणार नाही.

५ मे, सकाळी ७:१५
माफी मागायची असं ठरवून उठलो. वाक्य पाठ केलं. छोटंच आहे.

७:३०
फोन लावला. एकदम माफी कशी मागायची, म्हणून आधी चहापत्ती कुठे ठेवलीय ते विचारलं. तिने सांगितलं. मग म्हणाली, "अजून काही?" आवाज मऊ होता. वाट बघत होती.
मी म्हणालो, "चहापत्ती ठेवायची ही जागा आहे का? तुला कधी अक्कल येणार?"
तिने फोन ठेवला.
प्यायलो नव्हतो.