नऊ नंबरची खाट

५ जानेवारी
नर्सिंग कॉलेजातला पहिला दिवस झकास गेला. बावीस वर्षं वॉर्डात पाय झिजवले, आता हातात खडू. वर्ग उजेडाचा आहे, पंखा मात्र कुरकुरतो. जो विषय कुणालाच नको होता तो माझ्या गळ्यात पडला: पेशंटच्या घरची रीत, परिस्थिती आणि आजार. मी म्हटलं, द्या. कोपऱ्यातल्या खाटेवर सरावासाठी रबरी बाहुली आहे, तोंड किंचित उघडं. मुली तिला आजी म्हणतात. एक मुलगी इतकी बोलते की मी तिचं नाव बडबडी ठेवलं.

७ जानेवारी
पेशंटच्या माहितीचा फॉर्म शिकवला. घरात कोण, पाणी कुठून भरता, औषधपाण्याचं कोण ठरवतं, कोणतं औषध सोसत नाही. रटाळ होऊ नये म्हणून एका नर्सची गोष्ट सांगितली. नऊ नंबरच्या खाटेवर एक म्हातारी होती, काही विचारलं तरी गप्प. नर्सने उभ्या-उभ्या फॉर्मवर 'सहकार्य करत नाही' असं लिहिलं आणि इंजेक्शन दिलं. नेमकं तेच तिला सोसत नव्हतं. संध्याकाळपर्यंत ती गेली. मागाहून तिची मुलगी आली. म्हणाली, समोरचा खाली बसल्याशिवाय आमच्याकडे तोंड उघडत नाहीत. आई कुणी बसेल म्हणून वाट बघत होती.

त्या नर्सचं पुढे काय झालं, असं बडबडीने विचारलं. मी म्हटलं, काय होणार, बढती झाली असेल. मुली हसल्या, मीही हसले. ती नर्स मीच, हे सांगायला जीभ रेटली नाही.

८ जानेवारी
आजीला पेशंट समजून फॉर्म भरा, उत्तरं मनाने रचा, असं मुलींना सांगितलं होतं. अठरा फॉर्म तपासले. अक्षरं अठरा जणींची, उत्तरं एकच. एक मुलगी. पाणी दोन गल्ल्या लांबून. औषधाचं मुलगी ठरवते. पाण्याचं आणि औषधाचं मला म्हातारीच्या मुलीने सांगितलं होतं आणि मी कुणालाही सांगितलेलं नाही. एकमेकींचं बघून लिहिलं म्हणून सगळ्यांना झापलं. बडबडी म्हणाली, आम्ही स्टूल ओढून तिच्याजवळ बसलो, मग आपोआप सुचत गेलं.

१२ जानेवारी
ते स्टूल मी रोज कपाटात घालून कुलूप लावते. सकाळी ते पुन्हा आजीच्या खाटेशी. शिपाई म्हणतो, किल्ली तर तुमच्याच पर्समध्ये असते. घसा बसलाय. नवीन मास्तरणीचा घसा, दुसरं काय.

उद्या वर्गात खरं सांगून टाकते. त्याशिवाय मला चैन पडणार नाही.

१३ जानेवारी
नाही सांगितलं. प्राचार्या मागच्या बाकावर येऊन बसल्या, त्यांच्यादेखत कसं सांगणार? पळवाट मिळाली म्हणून हायसं वाटलं आणि त्याचीच लाज वाटली. दुपारी आजीपाशी जाऊन उभी राहिले. तिचं तोंड मिटलेलं आहे. रबराचं तोंड मिटत नसतं.

१४ जानेवारी
आज बोलायला उभी राहिले. ती नर्स— एवढंच निघालं. पुढे नुसते ओठ हलले. फळ्यावर लिहावं म्हणून वळले, खडू हातातून सुटला, मग जमीनच—

१५ जानेवारी
ताप. घशाचा संसर्ग, म्हणे. कॉलेजच्याच रुग्णालयात ठेवलंय. खाट नंबर नऊ. डॉक्टरांनी म्हातारीला दिलेलं तेच इंजेक्शन लिहिलं. मला ते लहानपणापासून चालतं. आज पहिल्या डोसानंतर जीभ जड झाली. चादरीखाली अंगभर गांधी उठल्यात. कुणी चादर उचलून बघत नाही.

दुपार
बडबडीची ड्यूटी आहे. मला बरं वाटलं, माझी विद्यार्थिनी. पण उभीच आहे. भराभर विचारते, अजून बारा पेशंट आहेत म्हणे. उत्तर आहे माझ्यापाशी. तोंड उघडत नाही. ती बसल्याशिवाय उघडणार नाही— म्हातारीचं असंच—

वही पुढे केली. म्हणाली, नंतर वाचते मॅडम, आधी दुसरा डोस.

स्टूल इथेच आहे. बोट दाखवलं. पायात येतं म्हणून तिने ते लांब सरकवलं.

फॉर्मवर काहीतरी लिहितेय. इथून वाचता येतंय. सहकार्य करत—

सिरिंज भरली. अगं, बस. एकदा खाली ब