फेकण्यापूर्वी लॅटिन

३ जून, सकाळ
वेंकूबाई भावाकडे तिरुवैयारुला निघून गेली. कारण क्षुल्लक. सांबारात मीठ जास्त झालं, मी पातेलं मारलं. भिंतीला मारलं, माणसाला नव्हे. जाताना म्हणाली, "हरिप्रियेच्या निश्चितार्थापर्यंत कांही फोडलं नाहीं, कोणाला मारलं नाहीं, तरच मी परत येतें. नाहींतर निश्चितार्थ तिथेंच, तुमच्याशिवाय."

एकुलती एक मुलगी. तिच्या साखरपुड्यात बापाने द्यायचं तांबूल मीच देणार. संपला विषय.

हरिप्रिया म्हणते, राग आला की आकडे मोजा. आकडे काय, कोणीही मोजेल. मी जन्मभर कॉलेजात बॉटनी शिकवली, लॅटिन माझ्या जिभेवर. हाती येईल त्या वस्तूचं इंग्रजी नाव घ्यायचं आणि त्याचं लॅटिन करायचं. तोवर राग गार. सायंटिफिक मेथड आहे. हे मोकळेपणी लिहितोय, कारण घरात मराठी सगळे बोलतात, पण शिकले तमिळ लिपीत; देवनागरी वाचता येणारा मी एकटाच.

५ जून
चेअर. लॅटिनमध्ये सेल्ला. उचललेली खुर्ची शांतपणे खाली ठेवली. मोठं यश! केबलवाल्याचा पाय मध्ये होता, ती त्याची चूक.

८ जून
शेजारच्या अलमेलु मामींनी पुन्हा त्यांच्या ओसरीचं पाणी आमच्या दारात लोटलं. बकेट. सिटुला. शब्द फार पटकन आठवला, त्यामुळे बादली लवकर सुटली. मामींची खिडकी गेली. मेथड चूक नाही, शब्द सोपा होता. यापुढे अवघड वस्तूच उचलायच्या.

११ जून, दुपार
मिक्सी. चटणी वाटताना झाकण उडालं, सगळी माझ्या चष्म्यावर. मिक्सी डोक्यावर उचलून विचार केला. मिक्सीला लॅटिन नाही! किती वेळ उभा राहणार? हात भरून आले. फोडली नाही, पडली. दोष रोमन लोकांचा.

१२ जून
हरिप्रियेने तुकडे भरून माळ्यावर ठेवले. म्हणाली, "अम्माला कांही सांगत नाहीं, अप्पा." डोळे पुसत होती. बहुधा कांदा चिरला असावा.

१९ जून
वेंकूबाई आली! घर पाहून म्हणाली, सामान कमी झाल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, साधी राहणी. हसली. फार बरं वाटलं.

२० जून, सकाळी सात
आज निश्चितार्थ. फूल, फळ, दिवा, समई, सगळ्यांचं लॅटिन तयार ठेवलंय. राग येणं आता अशक्य.

२० जून, दुपार. दवाखान्यात.
तिरुवैयारुचा मेहुणा कृष्णाजी, होमिओपॅथीचा डॉक्टर, मामाचा मान म्हणून ताटं घेऊन आला. मी सहज त्याला माझी मेथड सांगितली. ताट म्हणजे लांक्स, म्हटलं. तो म्हणाला पाटिना. वर व्याह्यांसमोर हसला. "भावजी, बॉटनीवाल्यांना फुलापुढे कांही येत नाहीं!"

मी रागावलो नव्हतो, शिकवत होतो. ताट त्याच्या नाकावर बसलं. त्याने नारळ घातला, माझा ओठ फाटला. मी छत्री घेतली. व्याही नटराजराव सोडवायला मध्ये आले. छत्रीला उंब्राकुलुम, हे मारतानाच आठवलं. म्हणजे मेथड चालू होती. ओठाला चार टाके. वेंकूबाई दवाखान्यात आली नाही.

२७ जून
निश्चितार्थ काल तिरुवैयारुला झाला. फोटो आला. तांबूल कृष्णाजीने दिलं, नाकाला पट्टी. व्याह्यांचा हात झोळीत. हरिप्रिया हसतेय, हिरव्या साडीत छान दिसते.

दुपारी तिचा फोन आला. म्हणाली, "अप्पा, लग्नांत कन्यादान मामा-मामींनी केलं तर चालेल कां?"

मी चालेल म्हटलं. अगदी हळू आवाजात. खरंच राग आला नाही, पण ते बघायला घरात कोणी नव्हतं.