वळताना मागून खरखर

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा, कंबर परवानगी देईल तेवढे वाकून, नमस्कार.

तुझ्या दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले का? वहिनीचा खोकला कसा आहे? आम्ही दोघे ठीक. (हिचे म्हणणे, ती ठीक आहे आणि मी होतो तसाच आहे.) आमचे फाटक हल्ली अजिबात करकरत नाही, त्यामुळे कोण कधी आले ते कळत नाही. मागच्या महिन्यात तू आलास तेव्हाही तेच झाले. एरवी उभ्या गाडीत स्टिअरिंगवर डोके टेकून झोपलेला मी तुला सापडलो नसतो.

असो. तुझे कार्ड मिळाले. ‘पंधरा तारखेला येतो. मागचा आवाज गेला नसेल तर गाडी दातांच्या डॉक्टरला.’ अकरा शब्द! शाळेतही तू ‘माझा आवडता ऋतू’ तीन ओळींत संपवून खेळायला पळायचास आणि मी घंटा झाली तरी पहिल्याच ढगापाशी असायचो. ही लाल, दोन माणसांची, जमिनीला पोट टेकवून धावणारी गाडी तू तीस वर्षे चालवलीस आणि नजर अधू झाल्यावर मला दिलीस. त्या दिवशी मला वाटले, पाचवीच्या वर्गाच्या खिडकीतून नुसता बघितलेला वारा आता आपल्या दारात उभा राहिला. तो, गाडी कधीपासून विकत मागणाऱ्या त्या दातांच्या डॉक्टरच्या दारात जाऊन उभा राहणे मला झेपणारे नाही. म्हणून काय काय केले ते सविस्तर कळवतो.

मागच्या खेपेला तू गाडीत बसून ऐकलास त्या आवाजाचा तपास मी शास्त्रशुद्ध सुरू केला. चौकातले गॅरेज आता त्या म्हाताऱ्या मिस्त्रीची मुलगी चालवते. (लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावते आणि टोक इंजिनाला, आत काय चाललंय ते तिला ऐकू येते.) ती म्हणाली, “काका, आधी गाडी फिरवून आणा आणि तीन गोष्टी लिहा. पाय दाबला-सोडला की आवाज बदलतो का? वळताना बदलतो का? आणि गिअर काढून नुसती घरंगळू दिली तर राहतो का?”

मी चार पाने लिहून नेली. ‘वेग वीस : कमळात अडकलेला भुंगा. वेग चाळीस : दूरच्या शाळेतली प्रार्थना. पाय सोडल्यावर : सायंकाळ.’ बाईने हात पुसून चारही पाने वाचली (हे तिचे मोठेपण) आणि विचारले, “सायंकाळ म्हणजे किती वाजता?” मी म्हटले, ती वेळ नव्हे, भावना आहे. “भावनेला पाना लागत नाही हो काका. उद्या काकूंना घेऊन जा.”

त्याप्रमाणे ही गाडीत बसली. (बसली म्हणजे उतरली, ती सीट विहिरीसारखी खोल.) तासभर फिरलो. हिने जुन्या लिफाफ्याच्या पाठीवर जे लिहिले ते जसेच्या तसे देतो : ‘सरळ रस्त्यावर भुंगा. हे कविता गुणगुणत होते. गप्प बसवले, भुंगा गेला. हळू वेगात वळताना मागून खरखर आणि हिसके. दोन्हीकडे. माझा गुडघा.’ गुडघ्याचा गाडीशी संबंध नाही असे मी बाईला लगेच स्पष्ट केले.

म्हणजे भुंगा मी होतो, पण खरखर खरी होती. बाईने गाडी वर उचलली. मागची चाके वरून-खालून धरून हलवली; बेअरिंग घट्ट. इंजिनाचा जोर मागे नेणारा लांब दांडा पिळून पाहिला. त्याचे सांधे माझ्यापेक्षा बरे. मग दोन चाकांच्या मधल्या डिफरन्शियलचा बोल्ट काढून आत बोट घातले, चोळले, हुंगले. वळताना आतले चाक कमी फिरते, बाहेरचे जास्त. त्या दोघांचे जमवून देण्याचे काम या पेटीचे. साध्या गाडीत ती साधी असते. आपल्या गाडीत तिच्या पोटात चकत्या आहेत, आणि तेलात वेगळे औषध मिसळले नाही तर त्या वळणावळणावर कुरकुरतात.

“तेल चांगलं आहे,” बाई म्हणाली, “पण ते औषध कुणीतरी घातलेलंच नाही. चकत्या अजून शाबूत आहेत. असंच दामटत राहिलात तर राहणार नाहीत.”

कुणीतरी! दादा, मी बोट दाखवत नाही. तीस वर्षे गाडी तुझ्याकडे होती आणि या वयात एखादी गोष्ट विसरतो माणूस. मुद्दा एवढाच, की गाडीचे काही बिघडलेले नाही. आणि जे कुरकुरते ते उपटून ट्रेमध्ये टाकणे हा ज्याचा रोजचा उद्योग, त्याच्या हाती ती देऊ नये.

वहिनीला नमस्कार. डोळ्यात थेंब वेळेवर घाल.

तुझा,
धाकटा

ता. क. ते औषध बाईकडे नाही. मागवले तर महिना जाईल, आणि पंधरा तारीख आठवड्यावर आली. तुझ्या कपाटात वरच्या फळीवर त्याची एक बाटली आहे, मी पाहिली आहे. येताना आणशील का? आधी ती ओतू, मैदानात आठ-दहा गोल चकरा मारू, तू कान देऊन ऐक, मग डॉक्टरचे काय ते ठरव.

ता. क. २. हिने पत्र वाचले. पुढचे लिहिल्याशिवाय पोस्टाचे तिकीट देणार नाही म्हणते. तेल मागच्या वर्षी मीच बदलले. तू गाडीबरोबर अशीच एक बाटली दिली होतीस, वर तुझ्या अक्षरात चिठ्ठीही होती. पण चष्मा घरात, एका जुन्या कवितेचे तिसरे कडवे ओठांवर येऊ घातलेले, आणि बाटली दिसायला थेट शिलाईमशीनच्या तेलासारखी. ती मी फाटकाच्या बिजागऱ्यांना घातली. सगळी.

ता. क. ३. तेव्हा पंधराला आलास की फाटकातूनच मोठ्याने हाक मार. ते आता काही बोलणार नाही, आणि मी बहुतेक गाडीतच बसलेला असेन.