मी बाहेर

३ मार्च
आले एकदाची. खोली हवेशीर, टेबल भक्कम. घरमालकीण काकू बोलघेवड्या, पण स्वच्छ. उद्यापासून जस्ताच्या कारखान्यात भाजणीच्या भट्टीची तपासणी माझ्याकडे. काम सरळ आहे. जस्ताचं खनिज हवेच्या झोतात भाजायचं. गंधक धूर होऊन निघून जातो, ऑक्साइडची भुकटी उरते. गरम असताना पिवळी, निवली की पांढरी. साहेबांना हेही मला समजावून सांगावंसं वाटलं. सांगू दिलं.

६ मार्च
भट्टी सफाईसाठी निवलेली होती. आत शिरून विटा तपासल्या. बाहेर आल्यावर मुकादमाचा तमाशा: दार लावण्याआधी आत जाऊन आलेल्या प्रत्येकाने दाराशी 'मी बाहेर' म्हणायचं. जो म्हणत नाही तो आतच आहे, असं भट्टी धरून चालते म्हणे. मिशीवाले पुरुष हजेरी दिल्यासारखे एकेक म्हणाले. मी नाही. मुकादम म्हणाला, बाई, दोन शब्दांनी जीभ झिजते का? भट्टीला डोळे नसतात. मी म्हटलं, पोरखेळ आहे हा, दार लावा. एकाने माझ्या शिक्षणाला कोपरापासून हात जोडले. हसलं कुणीच नाही.

९ मार्च
अंगाला गंधकाचा वास. साबणाने जात नाही. काकूंनी विचारलं, काड्यापेटी जाळलीस का गं? मुकादम मला पाहून वाट बदलतो. ज्यांना तापमान मोजता येत नाही त्यांना भुतं दिसतात.

११ मार्च
चहाचा कप धरला की बोटं पिवळी पडतात. ठेवला की पांढरी. कावीळ अशी येत-जात नाही. हा गुण कशाचा ते मला ठाऊक आहे. लिहिणार नाही.

१२ मार्च
उशीवर पांढरी भुकटी. तपासली. शुद्ध ऑक्साइड. गंधकाचा वास गेला — म्हणजे भाजणं संपत आलं. दाराशी जाऊन ते दोन शब्द म्हणावे लागणार. त्या लोकांसमोर. छे.

१४ मार्च
वीट सुटली म्हणून भट्टी पुन्हा उघडली होती. गेले. म्हणायला तोंड उघडलं — घशात नुसती भुकटी. आवाज भट्टीच्या आतून आला. माझाच, तसाच तुसडा: पोरखेळ आहे हा, दार लावा.
मुकादमाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आत वाकून 'बरं बाई' म्हणाला. दार लावलं.

१५ मार्च
खोलीतच आहे. टेबल, खिडकी, बाहेर काकूंची बडबड — सगळं जागेवर. भोंगा झाला. भट्टी पेटवली — कागद कडेने तपकिरी — बोटं पिवळी, निवत नाहीत — मूर्ख, अडाणी — लिहून तरी ठेवते — मी बा