कुवेत चार तासांवर

१२ जानेवारी १९७९

फोन आला! शेजारच्या मनोहररावांनी हाक मारली, तशीच अनवाणी त्यांच्या घरी धावले. कुवेतहून केशव. लाईनीत नुसती खरखर. आईचं सगळं सांगितलं — डॉक्टरांनी हात टेकले, तुझंच नाव घेते. "हो ताई... साहेबाले सांगतो..." मग पुन्हा खरखर, आणि शेवटी — "येतो." फोन बंद.

भाऊ येतो म्हणाला! आईला सांगितलं तर उशीवरून मान उचलली तिनं.

"किती दूर हाय वं थे कुवेत?"

मुंबईहून सतराशे मैल, म्हटलं. पण विमानानं मुंबईपर्यंत चारच तास, पुढं नागपूर दीड.

"मले तं बैलबंडीनं माहेरी जाले याच्याहून जास्त लागे!" हसली. अर्धी वाटी पेज प्यायली.

१३ जानेवारी

आला नाही. सोनेगावला उतरणाऱ्या विमानाचा आवाज झाला की आई म्हणते, "आलं वं. दार उघड."

१४ जानेवारी

संक्रांत. तीळगूळ केला, गोड कसला लागतो. त्याच्या वाटचा डब्यात ठेवला.

१६ जानेवारी

दुपारी शेजारची वच्छला तीळगूळ घेऊन आली. आईजवळ थोडं बसली, उठताना म्हणाली, "येते वं ताई." आणि घरी गेली.

आमच्या घरात निघताना "जातो" म्हणायची सोय नाही. चुकून म्हटलंच तर आई परत बसवायची, पाणी पाजायची आणि "येतो" म्हणवूनच सोडायची. केशवनं फोन ठेवताना तेच म्हटलं! तो निरोपाचा येतो होता. आणि मी वेडी चार दिवस दाराकडे डोळे लावून बसले! चार तासांचं तर अंतर. यायचं असतं तर आला नसता? नोकरी प्यारी त्याला, दुसरं काय. इतका राग आला!

संध्याकाळी विमान गेलं. "आलं पाय," आई म्हणाली. मला राहवलं नाही. "आई, तो येत नाहीये. फोन ठेवताना म्हणतात तसं म्हणाला होता तो. माझीच ऐकण्यात चूक झाली."

"असं काय," म्हणाली. पेज नको म्हणाली. भिंतीकडे कूस वळवली.

१७ जानेवारी

आई गेली. पहाटे.

मनोहररावांनी हळूच विचारलं, "केशवसाठी थांबाचं काय?" कोणासाठी थांबता, म्हटलं मी. अंबाझरी घाटावर चुलतभाऊ रुपरावनं अग्नी दिला. घरी येऊन ढसाढसा रडले.

१८ जानेवारी

केशव दारात. दाढी वाढलेली, हातात बॅग. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, किल्ली साहेबाकडे, साहेब दौऱ्यावर. काल परतला, तसा हा निघाला.

"एक तार तरी करायचीस!" मी किंचाळले.

"येतो म्हनलं होतं ना वं ताई," तो म्हणाला. "मंग तार कायले?"