निवळीचं पाणी

मु. हिंगणी
ता. ३० एप्रिल १९७९

चि. सुमतीस, सासूचा आशीर्वाद. घ्यायचा तर घे, नाई तर चुलीत घाल.

इकडं सारे जिवंत आहेत. नरहर दोन भाकरी खाते न् भिंतीशी बोलते. तुले देवळीले माहेरी धाडून आता भिंत बरी वाटते त्याले.

विहीर आटली. यंदाही तलावाचंच पाणी आणतो. उन्हानं तलाव अर्ध्यावर आला, मधातले खुंट उघडे पडले. उरलेलं पाणी कोमट, हिरवं, काठाले साय धरल्यावानी. सकाळी मासोळ्या पोट वर करून तरंगतात. मागच्या उन्हाळ्यात तू हेच सांगत होतीस, "आत्याबाई, ऊन तापलं का तलाव नासते, नलूले उकळल्याबिगर पाजू नका." मी म्हटलं, "आली मास्तराची पोरगी, पाण्याले भात समजून शिजवते!"

आता लिहितो ते नीट वाच.

तू उकळून ठेवलेली नलूची पाण्याची गुंडी मी ओतून देत होती. रोज. त्या पाण्याले धुराचा वास येत होता, दोन वर्षांचं लेकरू तोंड फिरवत होतं. मी तलावाच्या पाण्यात निवळीची बी घासली का गाळ खाली बसे, पाणी काचेसारखं होई. त्यानंच गुंडी भरून ठेवत होती. नितळ दिसलं म्हणजे चांगलं, एवढीच मायी शाळा.

डॉक्टर म्हणाला, पोरगी खराब पाण्यानं गेली. नरहर तुयावर ओरडला, "खोटं बोलतेस, उकळलंच नाई तू!" तू त्याले चुलीतली राख दाखवत होतीस. मी कोपऱ्यात तूर निवडत बसली होती. तूर आधीच निवडलेली होती.

काल अखाजी झाली, अक्षय तृतीया. गेलेल्या म्हाताऱ्यांच्या नावानं घागर भरतात, लेकरांच्या नावानं भरत नाईत. मी नलूची भरली. पाणी उकळलं, तू ठेवत होतीस तेवढाच वेळ. निवल्यावर चाखलं. धुराचा वास येते, बाई. पण तेवढाच येते.

मग नरहरले सारं सांगितलं. तो ताटावरून उठून बाहेर गेला. उद्याच्या मोटारीनं तुयाकडं येते म्हणते, हा कागद त्याच्याच हाती देतो. त्याले दारात उभा ठेवजो, वाटलं तर पाणी देजो. तू परत ये, हे मी लिहीत नाई. तो हक्क मी गुंडीसंगं ओतला.

नलूले तू नाई मारलं. हा कागद जपून ठेवजो. कोणी विचारलं का दाखवजो, खाली नाव हाय.

गुंडी ओतणारी,
आनंदाबाई